यादीतलं शेवटचं बटण

तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं की यादी उघडते, आणि तिच्या तळाशी ‘दुकान बंद करा’. आम्हा पापडवाल्यांसाठी माझ्या सुनेने बनवलेलं ॲप. पण संध्याकाळी ते बटण एकही बाई दाबेना. पापड संपले तरी मागण्या येतच राहिल्या. बायका म्हणाल्या, “आपली वहीच बरी!”

सून रडवेली झाली. “आई, तीनदा तपासलं. बटण चालतंय हो.”

“बटण चालतंय गं, बोट धजत नाही. दिवेलागणीला आपल्याच हाताने दुकान ‘बंद’ म्हणेल का कुणी? ‘वाढवा’ लिही.”

तिने लिहिलं. त्या संध्याकाळी बावीसच्या बावीस जणींनी दुकान वाढवलं.

सून गल्लीभर सांगत सुटली, “चूक आमच्या आईंनी काढली!” चौथी नापास मी. पदर सावरून म्हटलं, “आता ती यादी पहिल्यापासून वाचून दाखव.”