शिसमाचा रंग

"अजून काळं करा," पुष्पाबाई म्हणाल्या.

कचरू पॉलिशवाल्याचा हात थांबला. "वैनी, साग हाय हा. एक नंबर माल. असं लाकूड झाकून राह्यल्या तुम्ही?"

"शिसमासारखं दिसलं पाहिजे. उद्या बदनापूरचे पाहुणे यायलेत. त्यांच्यापुढं शोभा नको."

अंबडच्या त्या घरात नजरेत भरण्यासारखी एकच वस्तू होती, ते सागाचं कपाट, आणि नेमकं त्याच्याकडं पाहिलं की पुष्पाबाईंना लाज वाटायची. पण बाईंच्या एकदा मनात आलं म्हणजे आलंच. त्यांचे यजमान अप्पाराव खाटेवरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. हाय तसं बरं हाय."

"तुमचं ऐकून आपल्या वसंताचं कधी भलं झालंय?"

अप्पारावांनी पेपर तोंडापुढं धरला.

कचरूनं कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला कुंकवाचे दोन हात होते, गृहप्रवेशाला उमटवतात तसे. त्यानं काचकागद खिशात घातला. "सवाष्णीचं कुंकू म्या घासत न्हाई. आतून हाय तसंच ठेवतो."

"ठेवा. आत कोण बघतंय?"

रंग वाळल्यावर पुष्पाबाईंनी दाराची किल्ली फिरवली आणि कनवटीला लावली. आता त्यांच्या जिवाला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. म्हातारे बद्रीनाथ, त्यांची मुलगी कौसल्या आणि सोबतीला अंबडचेच दोघं पंच. वसंता सकाळीच शेताकडं सटकला होता. पुष्पाबाईंनी पोहे केले, चहा केला, कौसल्येला "बस ना बाई" म्हणाल्या. तिच्या तोंडाकडं पाहायचा मात्र त्यांना धीर होईना. घरभर पॉलिशचा वास कोंडला होता.

बद्रीनाथांनी बशी खाली ठेवली. "मंग, निघायचं बघू. काडीमोड झाला, आता वसंतरावांविषयी आमचं काई म्हणणं न्हाई. पोरीला लग्नात दिलेलं कपाट तेवढं द्या. टेम्पो भाईर उभा हाय."

"तिच्या कपाटाला वाळवी लागल्ती. फेकून दिलं," पुष्पाबाई म्हणाल्या. "हे आमचं हाय. शिसमाचं."

पंचांनी कपाट निरखलं. सागाचं उजळ कपाट त्यांनीच लग्नात गाडीतून उतरवून घेतलं होतं. हे ते नव्हतं.

कौसल्या उठली. तिनं दाराला खालून हात घातला, जरासं उचललं, आणि किल्लीवाचून दार उघडलं. दाराची आतली बाजू फक्त पुष्पाबाईंना दिसत होती. कौसल्येनं आपला पंजा आतल्या कुंकवाच्या हातावर टेकवला. बोटाला बोट जुळलं.

धरणीनं पोटात घ्यावं असं पुष्पाबाईंना झालं.

कौसल्येनं दार हळूच लावलं.

"चला आबा," ती म्हणाली. "आत्याबाई खरं बोलून राह्यल्यात. हे माझं न्हाई."