मेंदू अजून बोस्टनमध्ये

"जेट लॅग-बिग काही नसतं गं, आळशी माणसांची थेरं ती!" बायकोला ठणकावून मेंदूचे डॉक्टर बेहेरे बोस्टनच्या विमानातून उतरले ते थेट गुरुजींच्या शोकसभेला आले. पहिल्याच भाषणात त्यांची मान छातीवर पडली.

"आता डॉक्टर गुरुजींच्या फोटोला हार घालतील," सूत्रसंचालकाने पुकारलं.

डॉक्टर दचकून उठले. मेंदूत अजून बोस्टनची मध्यरात्र होती. शेवंतीचा जाडजूड हार उचलून, फोटोला वळसा घालून, त्यांनी तो अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या अध्यक्षांच्या गळ्यात घातला. मग डोळे मिटले, हात जोडले आणि पुटपुटले, "फार मोठा माणूस गेला हो."

बायकोने पदरात तोंड लपवलं.

"बरं केलंत, डॉक्टर," हारातून आवाज आला. "माझ्या वेळी तुम्ही नेमके परदेशात असायचात."