सरोवरापलीकडचा आवाज

"अजून खरखर आहेच," ऑर्व्ह झास्ट्रो कानांवरचा हेडफोन काढून ओरडला. "व्हॉल्व्ह बदललेस, कंडेन्सर बदललेस, आणि आवाज येतोय तो कुणी मासे तळत असल्यासारखा."

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या त्याच्या मित्राने, एमिलने, मान वर केली नाही. तळघरातल्या बाकावर ऑर्व्हचा जुना रेडिओ ट्यूनर उघडा पडला होता आणि एमिल प्लॅस्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने एकेक कॉइल केसभर फिरवून बघत होता. "स्टेशन मिशिगनमधलं, मधे अख्खं सरोवर. त्यात डायलवर शेजारीच आपल्या गावचं स्टेशन बोंबलतंय. येतंय हेच नशीब समज."

"नशीब गेलं खड्ड्यात. मला त्याचा शब्द न् शब्द ऐकायचाय."

त्याचा म्हणजे कर्टचा, ऑर्व्हच्या एकुलत्या एक मुलाचा. तीन वर्षांपूर्वी कर्टने जेवताना सांगितलं होतं, की बापाच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकत मला सडायचं नाही. ऑर्व्हने त्याच संध्याकाळी त्याला घराबाहेर काढलं आणि बायकोला, मार्लिसला, बजावलं की त्याचा फोन आला तर बोलायचं नाही, ठेवून द्यायचा. मार्लिसने वाद घातला नाही. ऑर्व्हशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

मग गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ती धुतलेले कपडे घ्यायला तळघरात आली. ट्यूनरवर खरखरीआडून कुणीतरी बोलत होतं. ती जागच्या जागी थांबली. "ऑर्व्ह, हा तर आपला कर्ट," ती म्हणाली. नाव ऐकू आलं नव्हतं, शब्दही धड कळत नव्हते. पण शेवटी आईचा कान. ऑर्व्हने ऐकलं आणि त्यालाही पटलं.

तेव्हापासून दर रविवारी सहा वाजता तो खाली जाऊन बसे आणि सातला कार्यक्रम संपेपर्यंत त्या आवाजाला शिव्या घाली. "घरात अकॉर्डियनची रेकॉर्ड लावली की कानात बोळे घालायचा. आता त्याच रेकॉर्डी वाजवून पोट भरतोय, नालायक." स्टेशनला फोन करून बघ, असं एमिलने एकदा सुचवलं तर हा त्याच्या अंगावर धावून गेला. फोन पोराने करायचा, बापाने नाही. खरं तर पोरगा घराविषयी कधी काही बोलतो का, एवढंच त्याला ऐकायचं होतं. हे त्याने मेला तरी कबूल केलं नसतं.

मार्लिस कॉफी घेऊन खाली आली. "सोड ना आता, ऑर्व्ह. ठीक तर ऐकू येतंय."

"तुला काय माहीत ठीक येतंय का? एकदा तरी बसून ऐकलंस? आई ना तू?"

"मला नाही सोसवत," ती म्हणाली.

तो दाणदाण पाय आपटत छतावरची अँटेना बघायला गेला. तशी ती हळूच म्हणाली, "एमिल, फार साफ नको करूस रे. थोडी खरखर राहू दे."

एमिलने तिच्याकडे पाहिलं. पोरगा रेडिओवरून बापाला काय सुनावत असेल, याचीच तिला धास्ती असणार. त्याला वाईट वाटलं. पण हातातलं काम अर्धवट सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने शेवटची कॉइल किंचित फिरवली, स्टेशन अचूक लागल्याची खूण म्हणून ट्यूनरवरचा हिरवा दिव्याचा डोळा पूर्ण मिटला आणि त्याने झाकण लावून टाकलं.

पुढच्या रविवारी ऑर्व्हने सहाला हेडफोन चढवला. खरखर नावालाही नव्हती. अकॉर्डियनचा भाता उघडल्याचंसुद्धा ऐकू येत होतं. गाणं संपलं आणि निवेदक बोलू लागला.

"मी हॅरॉल्ड हूकस्ट्रा. मंडळी, आज या कार्यक्रमाला बावीस वर्षं झाली. माझी नातवंडं म्हणतात, आजोबा, आता पुरे."

ऑर्व्ह ऐकतच राहिला. आवाज तोच, फक्त आता तो जाड होता, म्हातारा होता आणि परक्याचा होता. इतके महिने तो कुण्या हूकस्ट्राला नालायक म्हणत होता. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. एमिलचा राग आला, स्टेशनचा आला, स्वतःच्या कानांचा सगळ्यात जास्त आला. हेडफोन त्याने बाकावर आदळला.

मग त्याला मार्लिस आठवली आणि त्याचा सगळा जोर गेला. ती बिचारी याच आवाजाच्या भरवशावर दिवस काढत होती. तिला सांगायचं कसं? नाहीच सांगायचं. वर जायचं आणि म्हणायचं, पोरगा आज छान बोलला. तुला वाटत असेल तर शोध त्याला, फोन कर, मी अडवणार नाही. हे शब्द तोंडातून निघतील की नाही, याची त्याला खात्री नव्हती, पण तो पायऱ्या चढला.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. फटीतून त्याला मार्लिस दिसली. दाराकडे पाठ करून, खुर्चीत पाय वर घेऊन ती निवांत बसली होती. फोनची वायर बोटाला गुंडाळत ती हसत होती.

"सावकाश सांग रे कर्ट," ती म्हणाली, "नेहमीसारखाच सातपर्यंत तो काही वर येत नाही."