बोधिवृक्षाचं आळं

विहारातला बोधिवृक्ष गेला, हे पिंप्राळ्यात सगळ्यांनी मान्य केलं तो रविवार होता. हे झाड रोप असताना द्रौपदाबाईने आणलं होतं. ती उन्हाळ्यातच वारली.

समितीचे अध्यक्ष बुद्धभूषण यांनी बुंध्यावर नख ओढलं. आत हिरवं काही नव्हतं. "कशानं गेलं असेल?"

द्रौपदाचा नवरा आधार खाली बघत होता. विहाराचं काम घेतलेल्या योगेंद्रने आवारात काँक्रीट केलं ते थेट सालीला भिडवलं होतं. आळ्यापुरती जागा सोड, म्हणून द्रौपदा त्याच्या किती मागे लागली होती. तेव्हा योगेंद्रची आई वच्छलाबाई तिच्या शेजारीच उभी होती.

आता तीच बोलली. "द्रौपदा लादी पुसून बादली इथंच ओतायची. फिनेलची. मी देखेल शे, भाऊ, या डोळ्यांनी."

"म्हणजे आपल्या पिंप्राळ्याची तिष्यरक्षिता," बुद्धभूषण म्हणाले. दोघं-चौघं हसले.

वर्षावासात ती गोष्ट द्रौपदाच वाचून दाखवायची. सम्राट अशोकाचा जीव बोधिवृक्षात, म्हणून राणी तिष्यरक्षिता जळली आणि विषारी काटा टोचून तिने झाड मारलं. वाचून झालं की द्रौपदा चष्मा काढायची. "असं लिहिलंय, बायांनो. पण अशोकाच्या शिलालेखांत तिचं नावसुद्धा नाही. लिहिणारे कित्येक शतकांनंतरचे. तिला कोणी विचारलं होतं का?" सगळ्यात आधी मान हलवायची ती वच्छलाबाई.

"ती झाडाला घरून प्यायचं पाणी आणायची," आधार म्हणाला. "वच्छलाअक्का, कळशी तर तुमच्याच हातात असायची."

वच्छलाबाईने पदर सारखा केला.

संध्याकाळी ती भरिताचा डबा घेऊन त्याच्या दारात आली. "राग धरू नका, भाऊ. ती तर गेली. योगेंद्रला अजून इथंच कामं घ्यायची आहेत."

आधारने डबा घेतला नाही.

पौर्णिमेला बुद्धभूषण यांनी माईकवरून फिनेलचं पुन्हा सांगितलं. मग नवं रोप आणलं. जुन्या बुंध्याशेजारी काँक्रीटला भोक पाडून योगेंद्रने ते लावलं आणि कडेने सिमेंट फिरवून सफाईदार करून दिलं.

आळं अजून केलेलं नाही.