बाल्कनीची केबिन

निशिकांतराव एकदाच काय ते शेजारच्या सेरंगून भागात वाट चुकले, पण तेव्हापासून त्यांचा मुलगा यशोधन ऑफिसला जाताना बिशान भागातल्या त्यांच्या फ्लॅटच्या लोखंडी गेटला बाहेरून कुलूप लावून जायचा. "तुमच्याच काळजीपोटी, बाबा."

आता तो त्यांना कॅरिबियन क्रूझला नेणार होता. लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेक विचारत होता. जेवण शाकाहारीच ना? बोट लागते का? केबिन खिडकीची हवी की बाल्कनीची? सगळ्याला निशिकांतरावांचं एकच उत्तर, "तू ठरवशील ते."

"पण सात दिवस बोटीवर कोंडल्यासारखं होईल हं तुम्हाला."

निशिकांतराव पहिल्यांदाच सरसावून बसले.

"तिथे खोलीची किल्ली माझ्याकडे असेल?"