ओला पुठ्ठा

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला की वाइनचा काठ नीट दिसतो. पहिल्या ग्लासाचा काठ विटकरी होता, दुसऱ्याचा डाळिंबी. तिनं दोन्ही रंग वहीत लिहिले.

"रंगच बघायचा तर रंगारी बसवला असता," बाबा म्हणाले. "नाक घाल."

तिनं नाक घातलं. एक घोट घेतला. लिहिलं.

रविवारची सकाळ होती. खिडकीपाशी जेवणाच्या टेबलावर चार ग्लास होते. चारही ग्लासांत फ्रान्समधल्या बर्गंडीची, एकाच मळ्यातली लाल वाइन, साल मात्र प्रत्येकाचं वेगळं. बाटल्यांना तिनं मोजे चढवले होते, त्यामुळे कुठल्या ग्लासात कुठलं साल ते तिलाच ठाऊक. हा घाट बाबांनीच घातला होता. बत्तीस वर्षं वाइनच्या गोदामात आलेला प्रत्येक माल त्यांनी हुंगून पास केला होता. उद्यापासून ती खुर्ची तिची होती.

निमित्त झालं गेल्या महिन्यातल्या मालाचं. एरवी बाबा बोलत, ती लिहीत असे. त्या दिवशी बाबा दातांच्या डॉक्टरकडे अडकले आणि मालकानं आधी तिला विचारलं. "चांगला आहे," ती म्हणाली. तासाभरानं बाबा आले, ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, "बुचाला बुरशी आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय. परत पाठवा." ती त्यांच्या हाताखाली आल्यापासूनच्या सहा वर्षांत दोघांचं मत पहिल्यांदाच वेगळं पडलं. मालक हसला. "दोनातलं एक नाक खोटं बोलतंय. आणि वय कुणाचं झालंय ते मला दिसतं."

बाबा भांडले नाहीत. पण त्या दिवसापासून ते दिसेल ते हुंगायला लागले. साबण, वर्तमानपत्र, स्वतःचे तळहात.

आज सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. गेलं दीड वर्ष ती हेच ठरवत होती. शब्द ओठांपर्यंत यायचे, मग समोर त्यांचा चेहरा दिसायचा.

"पहिला भट्टीसारख्या उन्हाळ्यातला," बाबा म्हणाले. "फळ वेलीवरच शिजलंय. दोन हजार तीन."

"बरोबर."

"दुसरा पंधरा. लाडावलेल्या जावयासारखा गुबगुबीत. तिसरा पाच. हा अजून तोंड उघडत नाही. तुझ्या आईचा रुसवाच!"

"तिन्ही बरोबर, बाबा."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी चौथा ग्लास उचलला. हुंगला, खाली ठेवला, खिडकीबाहेर तोंड करून श्वास घेतला आणि पुन्हा हुंगला.

"ओला पुठ्ठा," ते हळूच म्हणाले. "पावसात भिजून तळघरात पडलेला. कुठला हा?"

"दहा. गेल्या महिन्यातल्या त्याच मालातला."

ते खुर्चीत मागे टेकले. "तू चांगला म्हणालीस त्यातच मला पुन्हा पुठ्ठा येतो. म्हणजे भासच होतो मला. तीन ओळखले ते नशीब."

"आधी जेवून घेता का?"

"नको ग. तापातून उठल्यापासून तुझा मिठाचा हात सैल झालाय. की माझी जीभही गेली?" ते एकटेच हसले.

तिनं वहीचं पान उलटलं.

बाबांनी खिशातून बूच काढायचा जुना स्क्रू काढला, सदऱ्याला पुसला आणि तिच्या वहीवर ठेवला.

"हा आता तुझा. स्वतःच्या नाकावर कधी शंका घेतली नाही, चिमणे, तीच मस्ती नडली." त्यांनी चौथा ग्लास तिच्यापुढे सरकवला. "शेवटचं विचारतो. तू सांगशील ते खरं. ह्यात पुठ्ठा आहे की नाही?"

'नाही' म्हटलं, तर ते मान डोलावतील आणि उरलेलं आयुष्य तळहात हुंगत काढतील. 'आहे' म्हटलं, तर लेक दया करतेय असं समजतील.

तिनं ग्लास नाकाशी नेला. बराच वेळ तिथंच धरला. मग खाली ठेवला आणि पेनचं टोपण लावलं.

"मला माहीत नाही, बाबा. तुम्ही बोलायचात, तेच मी लिहायचे. त्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही."