अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल

दुपारी अडीच वाजता ऑक्सिजनच्या यंत्रानं लांबलचक शिट्टी दिली आणि ते बंद पडलं. विश्वासरावांनी नाकातली नळी चाचपली आणि घाबरून कुमुदकडे, बायकोकडे पाहिलं. त्यांचे ओठ निळसर पडू लागले होते.

पंधरा दिवसांपूर्वी ती मुजावरांच्या वैद्यकीय उपकरणांच्या दुकानात तासभर बसली होती. त्यांनी यंत्र चालवून सगळं समजावून सांगितलं. तिनं मॉडेलचा नंबर टिपला आणि घरी येऊन तेच यंत्र ऑनलाइन स्वस्तात मागवलं.

कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तक्रार नोंदवलीय. अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल." ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, "पुलावर अडकलोय, अर्धा तास तरी लागेल."

उरले मुजावर. तिनं नंबर लावला.

"भाऊ, ह्यांचं यंत्र बंद पडलंय. मी तुमच्याकडून घेतलं नाही, पण..."

"ते राहू द्या. त्यांना टेकवून बसवा, झोपू देऊ नका. निघालोच मी."

ती नवऱ्याला धरून बसली. दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. "अहो, डोळे उघडा ना!" ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मुजावर सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढून आले. नळी जोडली. बोटाला लावलेल्या क्लिपवर ऑक्सिजन अडुसष्ट दिसत होता. आकडा हळूहळू चढू लागला. ऐंशी. नव्वद. विश्वासरावांनी डोळे उघडले.

कुमुद भिंतीशी ताठ उभी होती.

"वहिनी," मुजावर घाम पुसत म्हणाले, "आता तुम्हीही श्वास घ्या."